तांदळाची रात्रपाळी

साडेसहाला घर सोडायचं,
म्हणून पाचलाच मूठभर तांदूळ आणि त्याहून जरा कमी मूगडाळ
भिजत टाकते. माझी वेणी होईस्तोवर फुगतात.
मग हळद, मीठ, चार मिरं, चमचाभर तूप.
तूप वाचवायचं नाही, ताराबेननं बजावलंय:
तूप वाचवशील तर गुडघे गमावशील.
चार उकळ्या आल्या की सगळं
गरम पाण्यानं शेकून घेतलेल्या स्टीलच्या थर्मासात.
झाकण घट्ट.
पुढचं काम त्यांचं त्यांनी करायचं.

रावपुऱ्याला उतरेपर्यंत पिशवीतून
मांडीला ऊब लागत राहते,
कुणाचं तरी लहान मूल घेऊन बसल्यासारखी.

रक्तपेढी तळघरात. खिडकी नाही.
चार अंशांवर फ्रीज रात्रभर घुरघुरतो
आणि मी पिशव्यांवर नंबर लिहिते,
गट लिहिते, तारीख लिहिते,
शेजारच्या खोलीत टेबलाखाली
तांदूळ अंधारात शिजत असतात.
पगार मला एकटीलाच मिळतो.

पहिली दोन वर्षं असं नव्हतं.
कँटीन दहाला बंद.
मग दीड वाजता फाटकाबाहेरच्या लारीवर सेवउसळ,
वर लाल तरी, वर चार पाव,
तीनला खारी शिंग, आणि चहा, आणि चहा.
एका वीस तारखेला वहीत बेरीज केली:
बाहेरचं खाणं, दोन हजार एकशे चाळीस.
पोटाच्या गोळ्या वेगळ्या.
सेवउसळीवर माझा राग नाही.
रविवारी अजून जातो आम्ही, तरी दोनदा मागून घेतो.
पण रात्री खाल्ली की ती पोटात जागी राहते,
आणि एका खोलीत दोघींनी जागून काय करायचं?

थर्मास ताराबेनचा. निवृत्तीच्या दिवशी देऊन गेली.
तीस वर्षं प्रसूती वॉर्डात आया होती,
आणि तीस वर्षांत एकदाही, म्हणे, गार जेवली नाही.
तिच्याकडूनच शिकले
खंडेराव मार्केटात भाव उतरल्यावर जायचं,
सातव्या दिवसाची सुट्टी त्यात घालवायची,
दमलेली पालक, वाकडी गाजरं घ्यायची,
चिरून झाल्यावर कोण विचारतो सरळ होतं का.

परवा दोन वाजून दहा मिनिटांनी
झाकण फिरवलं. वाफ चष्म्यावर.
तेवढ्यात दारात हालोलचा एक मुलगा,
हातात हेल्मेट, मोटारसायकलवरून आलेला.
वर बहिणीचं बाळंतपण अवघड झालेलं. बी निगेटिव्ह.
मी विचारलं, जेवलास?
सकाळी फाफडा खाल्लेला.
बेन, लई लो ने, मने कंई नहीं थाय.
कंई नहीं थाय म्हणणारेच आधी आडवे होतात,
मी उचललेत.

थर्मासाच्या झाकणात निम्मी खिचडी काढली.
वर लिंबाचं लोणचं, घरचं.
उभ्यानंच खात होता, बस म्हटलं.
बसला. खाता खाता रडला,
डोळे पुसले, पुन्हा खाल्लं.
बाकीच्या तपासण्या होईपर्यंत
अर्धा तास त्याला घड्याळाकडे पाहू दिलं नाही,
हालोलला पाऊस कसा आहे, कंपनीत काय काम करतोस,
असलं काहीबाही विचारत राहिले.
मग बाही वर.

पिशवी हलक्या हातानं डोलवत असताना मनात आलं,
यातलं माझं तूप किती असेल?
वेडाच विचार. इतक्या लवकर होत नाही तसं.
आम्हाला शिकवलंय.

उरलेली मी साडेपाचला खाल्ली.
अजून कोमट होती. बोटानं तळ पुसला.
थर्मासातल्या खिचडीला खरवड धरत नाही,
एवढी एकच तिची उणीव.

बसथांब्यावर वही काढली.
तांदूळ, डाळ, तूप: सतरा रुपये.
पुढे कंसात काहीतरी लिहायचं होतं,
बस आली.